पेंचचा काळोख : फाल्गुन अमावस्येची आकाशवारी

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा, म्हणजे काळोखं आकाश जपणाऱ्या उद्यानाचा दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेलं हे भारतातलं पहिलं ठिकाण आणि आशियातलं पाचवं. लडाखचं हानले त्याआधीच काळोख्या आकाशासाठी राखीव झालं होतं, पण तो दर्जा वेगळा, आणि तिथं जायचं म्हणजे चार हजार मीटरच्या वरची उंची अंगवळणी पाडायची, परवाने काढायचे. पेंच नागपूरपासून दोन तासांवर आहे. ठाण्यातल्या गच्चीवरून मी चंद्र, गुरूचे उपग्रह, मृगातला तेजोमेघ यांचे फोटो बरीच वर्षं काढते आहे. आकाशगंगा मात्र त्या गच्चीवरून दिसतच नाही. यंदा फाल्गुन अमावस्या बुधवारी आली, गुरुवारी पाडवा. नागपूरचा आत्येभाऊ म्हणाला, "ताई, गाडी माझी, आकाश तुझं." मग तिकीट काढून टाकलं.

सोमवार : नागपूर, रामटेक, सिल्लारी

सकाळी नागपूरला उतरल्याबरोबर तर्री-पोहे. चण्याच्या रश्शाची ती लाल तर्री पोह्यांवर ओतली की पुढचे चार तास दुसरं काही लागत नाही. जबलपूर रस्त्याला लागून मनसरपर्यंत आलो, तिथून रामटेकला वळून गडावर देवदर्शन घेतलं आणि पुन्हा महामार्गावर येऊन पवनीमार्गे सिल्लारीकडे. वाटेत पळस असा फुलला होता की भावानं दोनदा गाडी थांबवली. त्याला पक्ष्यांचं वेड आहे, आणि फुललेल्या पळसावर मैना, कोतवाल, सूर्यपक्षी सगळेच हजेरी लावतात.

मुक्काम बफर क्षेत्रातल्या एका गावात, एका शेतकरी कुटुंबाच्या घरी होता. घरात काका, काकू आणि काकांची आई. अंगणात बाज टाकलेली, शेजारी मोहाची फुलं वाळत घातलेली. त्यांचा गोडसर, थोडा आंबूस वास सगळ्या घराला लागला होता. दुपारी ताटात वांग्याची भाजी, वरण-भात आणि सांबारवडी. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मुंबई-पुण्याच्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

दिवेलागणीला मी मुद्दाम गावातून एक चक्कर मारली. दिवे आहेत, अंधारात चाचपडत जावं लागत नाही. पण प्रत्येक दिव्याचं तोंड जमिनीकडे आहे आणि वरून झाकण आहे. उजेड रस्त्यावर पडतो, झाडाच्या शेंड्यावर नाही. सिल्लारी, वाघोली आणि आसपासच्या गावांतले शंभराहून जास्त दिवे असे बदलले गेले. पिवळसर उजेडाचे दिवे निवडण्यालाही कारण आहे. पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा रंग जास्त असतो आणि हवेत निळा प्रकाशच सर्वांत जास्त विखुरतो. म्हणून अशा ठिकाणी ३००० केल्व्हिनच्या वरचे दिवे नकोत, असा दंडक आहे (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळसर). काकांना विचारलं, लोकांनी कुरकूर नाही केली का? ते म्हणाले, "पहिले वाटलं जी, उजेड कमी होईन. पण आता डोळ्यावर येत नाही ना, तं रस्ता जास्त दिसते." झाकण नसलेला दिवा आपल्या डोळ्यांत शिरतो, बाहुली आकसते आणि सावलीतलं काहीच दिसेनासं होतं. काकांनी ते एका वाक्यात सांगितलं.

पावणेआठला पूर्ण काळोख झाला. डोक्यावर मिथुनेत गुरू झळकत होता, पश्चिमेकडे कललेला मृग, त्याखाली व्याध, दक्षिणेला क्षितिजाच्या जरा वर अगस्ती. ठाण्याच्या मानानं तारे कितीतरी जास्त होते, पण मनासारखं आकाश काही नव्हतं. गुरूभोवती धुरकट वलय, आणि क्षितिजापासून वीसेक अंशांपर्यंत सगळं गढूळ. काकूंनी कारण सांगितलं. मोह वेचायचे दिवस आहेत. फुलं नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, कुठं तो वणवा होतो, आणि धूर हवेत तरंगत राहतो. वनविभाग जाळरेषा काढतो, गस्त घालतो, तरी मार्चच्या मध्याला हवेत धूर असतोच.

*जाण्यापूर्वी :* अमावस्येच्या आधीचे-नंतरचे दोन-तीन दिवस धरा आणि हाताशी एक रात्र जादा ठेवा. डिसेंबर-जानेवारीत हवा जास्त स्वच्छ असते, पण तेव्हा आकाशगंगेचा केंद्रभाग सूर्याच्या बाजूला असल्यामुळे रात्री दिसत नाही. केंद्रभाग हवा असेल तर मार्च ते मे, तोही मार्चमध्ये पहाटेच. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं आणि ढगही असतात.

मंगळवार : मोह, वीज आणि आजींची खाट

पहाटे काकूंबरोबर मोह वेचायला गेलो. फुलं रात्री गळतात आणि उन्हं वर यायच्या आत वेचायची असतात, कारण नंतर हरणं, अस्वलं, गुरं सगळीच येतात. काकूंचे हात इतक्या झरझर चालत होते की मी मूठभर वेचेपर्यंत त्यांची टोपली अर्धी झाली. त्या झाडाखाली पाचोळा जाळत नाहीत, झाडून काढतात. "जाळलं तं पुढच्या साली रोपटी कुठून येतीन?" असं त्यांचं म्हणणं.

दुपारी तीनच्या सुमाराला उत्तरेकडून ढग चढले. वारा सुटला, विजा कडाडल्या आणि अर्धा-पाऊण तास चांगला सडकून पाऊस पडला. विदर्भात मार्चचा अवकाळी नवा नाही, पण फोटोसाठी आलेल्या माणसाला तो झोंबतो. रात्री दहापर्यंत ढग हलले नाहीत. कॅमेरा पिशवीतच राहिला.

आणि तरीही ती संध्याकाळ मला या सहलीतली फार मोलाची वाटते. दिवे गेले होते. आजी ओसरीवर सुपात सुकलेली मोहफुलं निवडत बसल्या होत्या. मी काय बघायला आले हे त्यांनी विचारलं. मी सप्तर्षी म्हटलं तर त्यांना कळेना. मी हातानं आकृती काढून दाखवली, तशी त्या म्हणाल्या, "हाव, म्हातारीची खाट म्हण ना!" आणि सुपातली सात फुलं उचलून त्यांनी सारवलेल्या जमिनीवर मांडली. चार फुलं खाटेचे चार खूर, मागची तीन म्हणजे चोर. म्हातारीची खाट पळवायला ते टपलेत, पण म्हातारी डोळा मिटत नाही, म्हणून रात्रभर ते खाटेमागून फिरत राहतात. ध्रुवाभोवती सप्तर्षी फिरताना ते तीन तारे खाटेच्या मागेच राहतात, कधी पुढे जात नाहीत, हे त्या गोष्टीत अचूक आलं आहे.

आजींचं माहेर गोंड. गणेश हलकारे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या पंधराएक गोंड गावांत फिरून त्यांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास केला होता. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रूढ ग्रंथांतल्या आकाशापेक्षा हे आकाश वेगळं आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो मी वाचला होता, पण सात मोहफुलं समोर मांडली गेली तेव्हा तो खऱ्या अर्थानं कळला. ज्या माणसांना रोज रात्री अंगणातल्या बाजेवर पडल्या पडल्या आकाश दिसतं, त्यांच्या गोष्टी टिकतात. आकाश दिसेनासं झालं की गोष्ट सांगायला निमित्तच उरत नाही. दिव्यांवर झाकणं घातली, त्यात तारेही वाचले आणि या गोष्टीही वाचल्या, असं मला मनापासून वाटतं.

रात्रीच्या जेवणात लंबी रोटी होती. उलट्या मडक्यावर भाजलेली, हातभर लांब, रुमालासारखी मऊ. बरोबर झणझणीत पाटवडी रस्सा.

बुधवार : अमावस्या

पावसानं जे केलं त्याची कल्पना मला नव्हती. सकाळी बाहेर आले तर आकाश धुतलेलं, गडद निळं. दूरच्या टेकडीवरची झाडं सुटी सुटी दिसत होती. हवेतला सगळा धूर खाली बसला होता.

दुपारी उपकरणांची तयारी केली. इथं एक अडचण होती. ताऱ्यांचे जास्त वेळाचे फोटो काढायचे तर कॅमेरा पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दिशेनं, त्याच गतीनं फिरवावा लागतो. त्यासाठीच्या यंत्राला आम्ही ट्रॅकर म्हणतो. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपण जिथं उभे असतो तिथला अक्षांश हीच ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची, म्हणजे पेंचला साधारण साडेएकवीस अंश. युरोपातल्या लोकांना तो पन्नास अंशांवर मिळतो, आपल्याला झाडांच्या मागे शोधावा लागतो. काकांच्या अंगणात उत्तरेला मोहरलेला दाट आंबा होता. काका म्हणाले, "धुऱ्यावर चला." घरामागच्या बांधीतलं (भातखाचरातलं) धानाचं पीक केव्हाच निघालं होतं, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उत्तर दिशा मोकळी होती. तिथं उजेड असतानाच तिपाई रोवली आणि होकायंत्रानं दिशा लावून ठेवली. काळोखात त्या जागी एकट्यानं जायचं नाही, हे काकांनी बजावलं. बिबट येतो.

सूर्य साडेसहाला मावळला. मागोमाग शुक्रही गेला. आठच्या सुमाराला भावानं विचारलं, "ताई, पश्चिमेला कुठलं शहर आहे गं?" पश्चिम क्षितिजापासून कृत्तिकांच्या दिशेनं एक फिकट सुळका वर चढला होता. खाली रुंद, वर निमुळता, दुधी रंगाचा. पहिल्या क्षणी मलाही तो शहराचा उजेडच वाटला. पण नागपूर तर दक्षिणेला, आणि तिथं त्याचा पिवळट घुमट वेगळा दिसतच होता. मग उलगडलं. तो राशिचक्र प्रकाश होता. सूर्याभोवती, ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत बारीक धूळ पसरलेली आहे, तिच्यावरून सूर्यप्रकाश विखुरतो. मार्चमधल्या संध्याकाळी ती पातळी पश्चिम क्षितिजावर जवळपास उभी राहते, म्हणून हा सुळका या दिवसांतच सर्वांत चांगला दिसतो. गच्चीवरून हे दिसणं अशक्य. इतकी वर्षं वाचत आलेली गोष्ट भावानं दाखवली, आणि मी त्याचा हात धरून नुसती बघत राहिले.

थोड्या वेळानं आजी बाहेर आल्या. ईशान्येला सप्तर्षी वर आले होते. त्यांनी बोटानं खाट दाखवली, चोर दाखवले, आणि आत निघून गेल्या. त्यांना त्यात नवल काहीच नव्हतं.

रात्री दहानंतर आम्ही वनविभागाच्या आकाशनिरीक्षणाच्या मनोऱ्यावर गेलो. परवानगी आधीच घेतली होती, सोबत वनरक्षक होते. तिथं भंडाऱ्याहून आलेले एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांच्याजवळ सहा इंची आरशाची दुर्बीण, आरसा स्वतः घासलेला. दोन जाड काचा घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि एक काच दुसरीवर तासन्‌तास सरकवत राहायची. वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. पूड बारीक बारीक करत न्यायची, शेवटी डांबराच्या थरावर पॉलिश. आकार बरोबर आला की नाही हे एका पात्याच्या धारेनं आणि बारीकशा उजेडानं तपासता येतं. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानं शोधलेली ही पद्धत प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतकी चूक दाखवते. सर म्हणाले, "उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात घासला, पोरांनीच घासला म्हणा ना." ती पोरं आता नोकरीला लागली आहेत, पण अमावस्येला अजूनही कुणी ना कुणी त्यांच्याबरोबर असतं. या खेपेला दोन मुली होत्या, मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतले ११० तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका एका रात्रीत गाठायला निघालेल्या. मार्चची अमावस्याच त्यासाठी योग्य, कारण सूर्याची जागा यादीतल्या जवळपास सगळ्यांना रात्रभरात कधी ना कधी वर येऊ देते.

मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला दक्षिणेला त्रिशंकू उभा राहिला. त्याचा वरचा तारा क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश, खालचा पाच अंश. वरचा स्पष्ट दिसला, खालचा नागपूरच्या उजेडात बुडाला. सत्तर किलोमीटरवरच्या शहराचा उजेड इथं येऊन एक तारा पुसतो, हे बघून मला वाईट वाटलं. पेंचनं आपले दिवे झाकले, त्याच्या हातात तेवढंच होतं. पाऊणएक तासानं नरतुरंगातला ओमेगा गुच्छ नुसत्या डोळ्यांनी धूसर ठिपक्यासारखा दिसला. सरांच्या दुर्बिणीत तो ठिपका फुटून असंख्य तारे झाले. आकाशगंगेतला हा सर्वांत मोठा गोलाकार तारकागुच्छ, लाखो ताऱ्यांचा.

तीनच्या आसपास चितळाचा इशाऱ्याचा आवाज आला, मग सांबराचा. वनरक्षक शांतपणे म्हणाले, "तो निघाला आहे जी. आता खाली कोणी उतरू नका." कोणी उतरलंही नाही. रातवा अखंड टुकटुकत होता.

चारच्या सुमाराला आम्ही वनविभागाच्या गाडीतून गावात परतलो. काका काठी आणि विजेरी घेऊन जागेच होते, त्यांच्या सोबतीनं धुऱ्यावर गेले. वृश्चिक पूर्ण वर आला होता, लालसर ज्येष्ठा, खाली नांगीचं मूळ, आणि त्याच्या डावीकडे धनु राशीला चिकटून आकाशगंगेचा फुगवटा. आकाशगंगेच्या मधोमध काळ्या भेगा स्वच्छ दिसत होत्या. तिथं तारे नाहीत असं नाही, समोर धुळीचे ढग आहेत. ट्रॅकरवर १३५ मिलिमीटरची लेन्स लावून ज्येष्ठेच्या आसपासचा भाग धरला, मिनिटाभराच्या फ्रेम एकामागून एक घेतल्या. दुसऱ्या कॅमेऱ्यावर रुंद लेन्सनं धानाची बांधी आणि तिच्यावरची आकाशगंगा. पाच वाजून गेल्यावर पूर्वेला उजळायला लागलं तेव्हा थांबले.

*फोटो काढणाऱ्यांसाठी :* ट्रॅकर नसेल तरी अडत नाही. ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीनं भागा. लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर आधी लांबीला दीडनं गुणा. अशा कॅमेऱ्यात २४ मिलिमीटरला चौदाएक सेकंद मिळतात, तेवढ्यात तारे लांबट होत नाहीत. आयएसओ १६०० ते ३२००, लेन्स पूर्ण उघडी, फोटो रॉ स्वरूपात. फोकस स्वयंचलित ठेवू नका, व्याध किंवा गुरू पडद्यावर मोठा करून हातानं लावा आणि रिंगला चिकटपट्टी मारा. मार्चच्या रात्री उबदार असतात, सेन्सर तापतो आणि चित्रात खडबड येते, म्हणून शेवटी लेन्सवर झाकण ठेवून तेवढ्याच वेळाच्या वीसेक काळ्या फ्रेम घ्या. घरी आल्यावर सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही मोफत सॉफ्टवेअर त्या वजा करून देतात. विजेरीवर लाल जिलेटीन कागद लावा, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका पांढऱ्या झोतात ते सगळं वाया जातं. हिरवा लेझर जंगलात नेऊच नका.

गुरुवार : पाडवा

दोन तास झोप झाली असेल. उठले तर काकांनी गुढी उभारली होती, साखरेच्या गाठ्या, कडुनिंबाचा डहाळा, नवं लुगडं. काकूंनी आधी कडुनिंब हातावर ठेवला आणि मग मोहाची फुलं घालून केलेली पोळी. मोहाचा गोडवा गुळापेक्षा निराळा, जरा धुरकट. निघताना आजींनी वाळलेली मोहफुलं पुडीत बांधून दिली.

दुपारी नागपूर, रात्रीची गाडी.

ज्येष्ठेच्या भागाचं चित्र जुळवायला बरेच दिवस गेले. काळ्या फ्रेम वजा केल्यावर पिवळसर, निळे धूलिमेघ उमटले, ज्येष्ठेशेजारचा एम ४ गुच्छही सुटा दिसला. बांधीवरच्या आकाशगंगेच्या चित्राची मोठी प्रत काढून काकांकडे पाठवली. पोचल्यावर त्यांचा फोन आला. मागून आजींचा आवाज ऐकू येत होता, "खाट कुठी हाय याच्यात?" मी दक्षिणेकडे तोंड करून चित्र घेतलं होतं, त्यात खाट येणं शक्य नव्हतं. एप्रिलच्या अमावस्येला रात्री दहा-अकराला सप्तर्षी उत्तरेला सर्वांत उंच असतात, तेव्हा धुऱ्यावरून काकांचं घर आणि वर खाट एका चित्रात बसेल. तशी जागा धुऱ्यावर मी आधीच बघून ठेवली आहे. काकांना तारीख कळवली आहे, आणि भावानंही रजा टाकली आहे.